मोठ्या आईची ओटी

आमच्या गावात एक प्रश्न बरीच वर्षं मिटत नव्हता. दवाखान्यातली शिस्टर सवाष्ण धरायची का नाही?

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण बायांना तो खरोखरच अडला होता. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला टाळायचं, हे आमच्याकडच्या पोरीला न शिकवता कळतं. सिस्टर सेवरिन मात्र कशातच बसत नव्हत्या. कपाळ मोकळं, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी क्रूस, हातात बांगडी नाही, अंगावर बारा महिने राखी रंगाची साडी. बरं, बिनलग्नाची म्हणावं तर बोटात अंगठी. शेवटी सुंद्राबाईनं एका दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर बसून सरळ विचारलं, "शिस्टर, ही अंगठी कुणाची वो?"

सिस्टर एका पोराच्या कानात औषध सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवाची. आमचं लगीन देवासंगं लागतंय."

सुंद्राबाईनं घटकाभर विचार केला. ही बाई आमच्या गल्लीचं न्यायालय. ती म्हणाली, "मंग झालंच की. देव काय मरतोय व्हय? ह्या कायमच्या सवाष्ण."

त्या संक्रांतीपासून सिस्टरना घरोघरचं बोलावणं सुरू झालं. त्या जायच्या. कुंकू लावून घ्यायच्या नाहीत, पण हात पुढं करून मनगटाला हळद लावू द्यायच्या, तिळगूळ तिथंच खायच्या आणि वाणाची वाटी नाहीतर गाळणी पिशवीत टाकून परत यायच्या. ती वाटी त्या आणून माझ्या आईच्या हातात देत. माझी आई, कोंडाबाई, त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापायला होती. मी रांगत असताना माझे वडील गेले. तेव्हापासून आईला संक्रांतीचं बोलावणं नव्हतं, आणि तिनंही कधी त्याची वाट बघितली नाही. निदान मला तसं वाटायचं.

सिस्टरना जाऊन आता वर्ष होईल. त्यांचं चरित्र लिहायचं तर मला ते येणार नाही. जन्म कुठला, भावंडं किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कर्नाटकातल्या समुद्रकाठच्या होत्या, एवढं ठाऊक होतं. आमचं गाव सोलापूरकडून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, तामलवाडीच्या बाजूला. तिथं त्यांच्या संस्थेचा तीन खोल्यांचा दवाखाना, मागं दोन सिस्टरांपुरतं राहायचं घर आणि पुढं कडुलिंब. सोबतीच्या सिस्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलायच्या. ह्या बदलल्या नाहीत. का बदलल्या नाहीत, हे संस्थेलाच ठाऊक. गावात म्हणायचे, हिला दुसरीकडं कुणी ठेवून घेत नसंल.

तसं म्हणायला कारण होतं. बाई फटकळ होती. त्यातून मराठी शिकली ती दवाखान्यात येणाऱ्या बायांकडून. पुस्तकी मराठी तिच्या कानावरच पडली नव्हती. त्यामुळं सगळ्यांशी एकच भाषा. जिल्ह्याहून एक मोठे साहेब लसीकरणाचं काम बघायला आले. मागं गाड्या, माणसं. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुमी जरा वाईच कडंला सरका की. बायांस्नी लाज वाटती दंड उघडा करायला." साहेब सरकले. बरोबरच्या माणसांना हसावं की रागवावं कळेना. साहेब बाहेर कडुलिंबाखाली बाजेवर बसले आणि निघताना म्हणाले, की ह्या बाई इथल्याच का? सुंद्राबाईनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "व्हय, आमच्याच."

त्यांची एक लकब होती. कुणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं, की पूर्ण ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं, पुढं?" नवरा पितो. बरं, पुढं? सासू बोलते. बरं, पुढं? त्या दोन शब्दांपुढं भलेभले उघडे पडायचे. माझ्या बाबतीत ते मी डोळ्यांनी बघितलं.

बारावीला मला चांगले मार्क पडले आणि चुलत्यांनी एक स्थळ आणलं. मुलगा येडशीकडचा, घरी विहीर, दोन म्हशी. आईची बोलायची प्राज्ञा नव्हती. सिस्टर संध्याकाळी आमच्या घरी आल्या, चहा मागितला, बशीत ओतून फुंकत बसल्या. चुलते म्हणाले, पोरीची जात, जास्ती शिकून काय करायचं. सिस्टर म्हणाल्या, बरं, पुढं? चुलते म्हणाले, शिकली की तेवढाच शिकलेला नवरा बघावा लागतो. बरं, पुढं? बाप नाही, उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर. बरं, पुढं? चुलते शेवटी म्हणाले, पुढं काय, पुढं काहीच नाही. "मंग शिकू दे की," सिस्टर म्हणाल्या आणि रिकामी बशी खाली ठेवली. चुलते आजही सांगतात, की पोरीला मीच शिकवली. सांगू देत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नुसती घरातली नाही, वडिलांची भावकी आणि आईचं माहेर दोन्ही धरून पहिली. आज मी तुळजापुरात शाळेत शिकवते. हे मी कुठंही मान वर करून सांगते. सिस्टरांसमोर एकदा सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता भाकरी तरी नीट गोल थापायला शीक."

धर्माचं विचारणारेही यायचे. एकदा बाहेरगावचे दोघं-तिघं आले. तुम्ही इथं लोकांना तुमच्यात ओढता, असं ऐकलंय, म्हणाले. सिस्टर चिडल्या नाहीत. त्यांनी औषधाच्या कपाटाकडं बोट केलं आणि सांगितलं, की इतक्या वर्षांत ह्या गावातल्या एकाही माणसानं माझ्याकडं देव मागितला नाही, सगळे टॉनिक मागतात. ते लोक गेले. त्यांतल्या एकानं जाताना खोकल्याचं औषध नेलं, हे सिस्टर पुढं कितीतरी दिवस सांगून हसायच्या.

पण त्यांना खरं ओळखायचं तर कोजागिरीच्या आदल्या दिवशी बघायला हवं होतं. त्या पुनवेला सोलापूरकडून माणसांचा लोंढा चालत तुळजापूरला निघतो. बाया, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, पुष्कळ जण अनवाणी. सिस्टर डांबरी रस्त्याच्या कडेला बाकडं टाकून बसायच्या. शेजारी कोमट पाण्याची बादली, मीठ, कापूस, पट्ट्या. पाणी गरम करायचं काम आईचं, बादल्या न्यायचं माझं. येईल त्याचा पाय धरून बादलीत घालायच्या, धुवायच्या, फोड साफ करायच्या. लोकांना आधी अवघडायचं. एवढ्या वयाच्या बाईनं पायाला हात लावायचा म्हणजे काय. एक म्हातारा पाय मागं ओढायला लागला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "बाबा, आईला भेटायला चाललाव, पाय घाण घेऊन जाताव काय?" म्हातारा गपकन बसला. मग दिवस कलेपर्यंत त्या वाकलेल्या असायच्या. गुडघे त्यातच गेले असणार.

एका वर्षी पाय धुता धुता त्या मला म्हणाल्या, की सगळ्यांचे पाय तिच्याकडं जाताना बघितले, आता मलाबी एकदा माझ्या आईकडं जायचंय. मला वाटलं, माहेरी. तसं नव्हतं. त्यांच्या संस्थेत व्रत घेऊन पन्नास वर्षं झाली, की सिस्टरला मोठ्या मदरच्या ठिकाणांचं दर्शन घ्यायला पाठवतात. संस्था जिनं सुरू केली, ती मोठी मदर. ती जन्मली ते घर, तिनं काम सुरू केलं ती पडवी आणि तिची समाधी. तीन ठिकाणं, एकाच किनाऱ्यावर. सिस्टरांची पन्नास वर्षं जवळ आली होती.

ही बातमी गल्लीत पोचली आणि बायांना सगळं लगेच समजलं. समजावून सांगायची गरजच पडली नाही. आमच्याकडं कुणी सोनारीला भैरवनाथाला निघालं, की शेजारीण नारळ आणून देते, माझ्या नावानं एवढा वाहा म्हणते. तुळजापूर तर दारातलंच. ज्याचं त्याचं मूळ ठाणं असतं आणि जाणारा एकटा जात नाही, मागच्यांचं घेऊन जातो. शिस्टरचं ठाणं समुद्राकाठी आहे. तिथं बाईच आहे. मग बाईला काय नेतात? ओटी. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. सुंद्राबाईनं ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

सिस्टरांना हे कळलं तेव्हा मी तिथंच होते. एवढी फटकळ बाई, पण चेहरा असा झाला, की मी दुसरीकडं बघितलं. रात्रंदिवस ज्यांच्यासाठी खपल्या, त्यांचं काहीतरी घेऊन जायला मिळणार होतं. त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं जायची मला लाज वाटत हुती. इतकी वर्षं कुठं हुतीस म्हणून इचारलं तर काय दाखवू? आता बरं झालं. तुमची ओटी दाखवते." पुढचे आठ-दहा दिवस त्या दवाखान्यात येईल त्याला हेच सांगत होत्या. तामलवाडीच्या बाजारात खण कोणत्या रंगाचा घ्यावा, इथपर्यंत त्यांची चौकशी चालली होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात बाया ओट्यावर जमल्या. ताटात खण होता, हिरवा, लाल काठाचा. नारळ होते. तांदूळ पसापसा घरोघरचे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. ती ओट्यावर आली नव्हती. तिचं तिथं काम नव्हतं. सगळं नीट चाललं होतं. सुंद्राबाईनं आपली रीतीपुरतं विचारलं, "मोठी आई सवाष्णच गेली न्हवं?"

सिस्टर म्हणाल्या, "न्हाय. नवरा आधी गेला तिचा."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, जे आजवर कुणी विचारलं नव्हतं. शंभरावर वर्षांपूर्वीची बाई. नवरा तापानं गेला, त्याच तापात दोन लेकरं गेली. सासरच्यांनी तिला मागच्या पडवीत ठेवलं. ताट पडवीत, झोपणं पडवीत. तिनं त्याच पडवीत आणखी एक तसलीच बाई आणून ठेवली. मग आणखी एक. मग गावातली टाकून दिलेली आजारी माणसं. त्या पडवीतून पुढं संस्था झाली, दवाखाने झाले, आणि त्यांतला एक आमच्या गावात आला.

ताटाकडं कुणी बघेना. विधवेची ओटी भरत नाहीत, हे काय सांगायचं असतं? एकीनं हळूच नारळ आपल्या मांडीजवळ ओढला. सुंद्राबाईला मात्र वाईट वाटलं असणार. तिनंच हे सगळं उभं केलं होतं. मग तिला वाट सापडली. ती म्हणाली, "पण शिस्टर, तिनंबी पुढं तुमच्यासारखी अंगठी घातली आसंल की. देवाशी लगीन लागलं म्हंजे ती परत सवाष्ण झाली. मरताना सवाष्णच गेली. मंग भराया काय हरकत हाय?"

सगळ्यांचे चेहरे सुटले. खरंच की, असं सगळ्या म्हणाल्या. ताट पुन्हा पुढं सरकलं. एका 'हो'नं सगळं भागणार होतं आणि सिस्टरांच्या हातात खण पडणार होता. मी त्यांच्याकडं बघत होते. त्या बायांकडं बघत नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होत्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबतीत तुमी तसं धरलं, म्या चालवून घेतलं. तिच्या बाबतीत न्हाय चालायचं. ती विधवा हुती म्हणून हे समदं झालं. मरेपतूर काळी शाल अंगावर हुती तिच्या. समाधीच्या दगडावर नावाखाली पयला शब्द तोच हाय, विधवा. तो पुसून तुमी ओटी भरणार असचाल तर म्या न्हेत न्हाय. विधवेची म्हणून भरा. न्हायतर नारळ घरी न्या आन चटणी करा."

सुंद्राबाई उठली. तिला ते लागलं. तिनं गुडघ्यावर हात टेकून कष्टानं अंग उचललं, ताट घेतलं आणि गेली. मागोमाग बाकीच्या गेल्या. ओट्यावर थोडे तांदूळ सांडले होते, तेवढे राहिले.

आई पुढं आली आणि ते तांदूळ वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली, कशाला शिस्टर, व्हय म्हणायचं हुतं. माझ्यापायी कशाला एवढ्या बायांची मनं मोडली? सिस्टर म्हणाल्या, "तुझ्यापायी न्हाय, कोंडाबाई. इतकी वर्षं तुला चुलीपाशी ठेवून म्या हळदी-कुंकवाला जाऊन आले. तिळगूळ खाल्ला. वाटी आणून तुझ्या हातात दिली. तवा कधी म्हणाले न्हाय, की ही येत नसंल तर मीबी येत न्हाय. आता तिथं जाऊन त्या बाईच्या म्होरं कोणत्या तोंडानं उभी राहू?"

आईनं तांदूळ डब्यात टाकले आणि भाकरीकडं वळली.

पुढचे दिवस वाईट गेले. बाया दवाखान्यात यायच्या, गोळ्या घ्यायच्या, जायच्या. सुंद्राबाई तिच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आली आणि सिस्टरांशी एक अक्षर न बोलता गेली. सिस्टरांनी कुणाला विचारलं नाही, मनधरणी केली नाही. पण फाटक वाजलं की त्यांची मान वळायची. पेशंट असला की पुन्हा खाली. मी शाळेतून रजा काढली होती, कारण त्यांना गुडघ्यांमुळं एकटं जाता येणार नव्हतं आणि आई म्हणाली, तू जा. मला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. एक शब्द. एका शब्दानं भागलं असतं. पण तो शब्द माझ्या आईला दारात उभं ठेवणारा होता, हे मला पदवी असून उशिरा कळलं.

निघायच्या सकाळी जीप आली. सिस्टरांची एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी मी मागं ठेवली. पेटी जड होती. आठ दिवसांसाठी पेटी कशाला, असं मनात आलं. सिस्टर पुढं बसायला निघाल्या तोवर गल्लीच्या तोंडाशी चार बाया दिसल्या. चारच. सगळ्यांत पुढं सुंद्राबाईची सून, रेखा. पदराखाली ताट. ताटात तोच हिरवा खण.

"सासूला सांगितलंस?" सिस्टरांनी विचारलं.

"न्हाय," रेखा म्हणाली. "पण खण कपाटात वरच ठिवला हुता त्यांनी. कुलूप नव्हतं लावलं."

बाया ओट्यावर बसल्या आणि तिथंच अडल्या. विधवेची ओटी कशी भरायची, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. कुंकू ठेवायचं का? हळकुंड चालतं का? आधी कुणी भरायची? रेखानं शेवटी दाराकडं बघितलं. "मावशी," ती माझ्या आईला म्हणाली, "तुमी सांगा. कशी भरायची?"

आईनं हात धुतले, पदराला पुसले. ओट्यावर आली. मी तिला त्या ओट्यावर, बायांच्या ओळीत बसलेलं पहिल्यांदा बघत होते. "कशी म्हंजे," ती म्हणाली, "भरत्यात तशी." आणि तिनं तांदळाची पहिली ओंजळ खणावर घातली. मग बाकीच्यांनी घातली. नव्या टॉवेलात सगळं बांधून सिस्टरांनी ते मांडीवर घेतलं. सोलापूरच्या स्टेशनपर्यंत, रेल्वेत, पुढं बसमध्ये, ते गाठोडं त्यांनी माझ्याकडं दिलं नाही.

समुद्र मी पहिल्यांदाच बघत होते. सिस्टरांना त्याचं काही नव्हतं. जन्माचं घर कौलारू, आता तिथं बालवाडी. सिस्टर सगळ्यात आधी त्याच्या स्वयंपाकघरात गेल्या, चूल बघितली, चुलीवरची काजळी बोटानं बघितली. पडवीत मात्र त्या शिरेनात. दाराशी उभ्या राहिल्या. पडवी एवढीशी, छत डोक्याला लागेल इतकं खाली. काचेच्या पेटीत एक काळी शाल. त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्यावर हात ठेवला, तो हात कपाळाला लावला. ही आमच्याकडची रीत. तिथल्या सिस्टर कौतुकानं बघत राहिल्या. मग त्या त्यांच्या कोकणीत काही बोलल्या. मी विचारलं नाही.

समाधी मूळ मठाच्या आवारात आहे. तिथं पोचलो तेव्हा तिथल्या एक तरुण सिस्टर आम्हाला आधी एका खोलीकडं घेऊन गेल्या. खिडकीपाशी पलंग, भिंतीवर क्रूस, नवी चादर. माझी खोली शेजारी असेल, असं मला वाटलं. पण जीपमधली ती पत्र्याची पेटी कुणीतरी आणून पलंगाखाली सरकवली होती आणि दारावर सिस्टरांचं नाव चिकटवलं होतं. आजूबाजूच्या खोल्यांतून म्हाताऱ्या सिस्टर बघत होत्या. मग माझ्या ध्यानात आलं. त्या दर्शनाला आल्या नव्हत्या. राहायला आल्या होत्या. वय झालं, गुडघे गेले, संस्थेनं त्यांना मूळ घरी बोलावलं होतं, आणि हे त्यांना महिनाभर आधीपासून ठाऊक होतं.

मला रडू आलं आणि रागही. मी म्हटलं, सिस्टर, गावाला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर अख्खी गल्ली आली असती. सुंद्राबाई आली असती. एकूण एक बाईनं ओटी भरली असती.

"म्हणून तर न्हाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "रडत रडत भरली असती सगळ्यांनी. माझ्याकडं बघून भरली असती. मला तिच्याकडं बघून भरलेली पायजे हुती." मग म्हणाल्या, "चार आल्या. मला वाटलं हुतं एकबी यायची न्हाय."

दुपारी आम्ही समाधीला गेलो. छोटं प्रार्थनाघर, मधोमध जमिनीसरशी काळा दगड. त्यावर फुलं, बाजूला मेणबत्त्या. मी टॉवेल सोडला. आता हे ठेवायचं कुठं? दगडाला पदर नसतो. आमच्याकडं ओटी पदरात घेतात, जमिनीवर ठेवत नाहीत. सिस्टर बघत उभ्या राहिल्या. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, गुडघे आखडले तरी बसल्या, आणि आपल्या राखी साडीचा पदर खांद्यावरून काढून त्या दगडावर पसरला.

"घाल," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही, मला भरता येते का? त्या म्हणाल्या, "तू तुझ्या आईचा हात हाय. घाल."

मी खण घातला, नारळ घातला, तांदळाच्या ओंजळी घातल्या. गावच्या पाच घरांचे तांदूळ, मोकळे, वेगवेगळ्या जातीचे, त्या काळ्या दगडावरच्या पदरात मिसळले. ओटी भरली की त्यातले चार दाणे भरणारीला परत देतात. सिस्टरांनी ते चिमटीत घेऊन माझ्या ओढणीत टाकले आणि म्हणाल्या, कोंडाबाईला दे. बाकीच्यांना ती वाटू दे, आल्या त्यांना आन न आल्या त्यांनाबी.

ती तरुण सिस्टर मागं येऊन उभी राहिली. अशी पूजा इथं होत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी पुढं होऊन तिनं त्यांना उठवायला हात दिला. सिस्टरांनी मान हलवली. उठल्या तर पदर उचलावा लागला असता.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी पाया पडले. त्यांनी पाठीवर थाप मारली, चल, उशीर करू नको, म्हणाल्या. दाराशी जाऊन मी वळून बघितलं. त्या तशाच बसल्या होत्या, दगडाकडं वाकलेल्या, आणि मोठ्या मदरशी बोलत होत्या. कोकणीत नाही. आमच्या बोलीत, जी त्या मोठ्या मदरच्या कानावर आयुष्यात कधी पडली नसेल. एकेका बाईची ओळख करून देत होत्या. ही रेखा, हिला दोन पोरी, नवरा बरा हाय. ही सुंद्राबाई, आली न्हाय, रागीट हाय, बीपी लई वाढतंय, पण कपाटाला कुलूप लावलं नव्हतं तिनं. अशी नावं घेत घेत त्या शेवटी माझ्या आईपाशी आल्या.

"आन ही कोंडाबाई," त्या म्हणाल्या.

पुढं काही सांगितलं नाही. पदर तेवढा दोन्ही हातांनी सावरून धरला.